रूपकुंडाचे देणे

हिमालयातील रूपकुंडाच्या वाटेला मी आजवर चार वेळा लागलो. त्यांपैकी तळे दृष्टीस पडले ते दोनच वेळा. एकदा अगदी त्याच्या उंबरठ्यापाशी जाऊन परत फिरावे लागले, आणि एकदा समोरच्या डोंगरावर उभे राहून दुरूनच हात जोडून यावे लागले. एवढ्याशा भांडवलावर लेख लिहावयास बसणे हे धारिष्टच. त्यातून मी काही गिर्यारोहक नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणारा, रविवारी सकाळी सिंहगड चढून पिठलेभाकरी खाणारा आणि त्यालाच व्यायाम म्हणणारा एक सामान्य पुणेकर. परंतु या चार खेपांत मी तळ्याचे चार ऋतू पाहिले. आणि मुख्य म्हणजे, त्या तळ्याचे एक देणे माझ्या अंगावर होते. ते कसे झाले आणि कसे फिटले, हे एकदा सांगून टाकावे असे पुष्कळ दिवस मनात आहे. दिवाळीत जुनी देणीघेणी चुकती करण्याची आपल्याकडे रीतच आहे.

प्रथम तळ्याची ओळख करून देतो. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, त्रिशूल आणि नंदाघुंटी या शिखरांच्या पायथ्याशी, सुमारे १६,००० फुटांवर रूपकुंड आहे. तळे म्हणण्यापेक्षा डबकेच म्हणा ना. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फार तर १३० फूट, आणि खोली पुरुष-दीड पुरुष. आमच्या कॉलेजच्या मैदानात असली तीनचार तळी सहज मावतील. वर्षातले बहुतेक महिने ते बर्फाखाली असते. परंतु बर्फ वितळला की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडे दिसू लागतात. एकदोन नव्हे, शेकडो माणसांची! १९४२ साली जंगलखात्याच्या एका अधिकाऱ्याने ती पाहिली आणि बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली. महायुद्धाचे दिवस होते. हिमालय ओलांडून येताना मेलेले जपानी सैनिक तर नव्हेत, अशी शंका तेव्हा घेतली गेली. हाडे फारच जुनी आहेत हे ध्यानात आल्यावर ती शंका मिटली, पण कोडे राहिलेच. पुढे कोणी म्हणाले, १८४१ साली तिबेटवर चालून गेलेल्या सेनापती झोरावरसिंगाचे हे शिपाई असावेत; कोणी म्हणाले व्यापारी; कोणी म्हणाले यात्रेकरू.

२००९ साली अनंत चतुर्दशी आटोपून आम्ही तिघे निघालो. एक मी, दुसरे आमचे पदार्थविज्ञानाचे सहाध्यापक, तिसरे ग्रंथपाल. काठगोदामपर्यंत आगगाडी, आणि तेथून जीपने अल्मोडा, ग्वालदम, थराली, देवाल असा दिवसभराचा वळणावळणांचा रस्ता. लोहाजंग नावाच्या खिंडीतल्या गावी पोहोचलो तेव्हा तिघांच्याही पोटात काही शिल्लक राहिले नव्हते. देवीने लोहासुराशी येथे जंग केली म्हणून हे लोहाजंग, असे तिथले लोक सांगतात. तेथेच आम्हांला आमचा वाटाड्या भेटला. वाण गावचा, चाळिशीचा, बुटका, कमी बोलणारा. गढवालीत थोरल्या भावाला ‘भैजी’ म्हणतात. आम्ही त्याला भैजी म्हणू लागलो आणि तो आम्हां तिघांनाही सरसकट ‘मास्टरजी’. ग्रंथपालांनी दोनदा खुलासा करून पाहिला, मग नाद सोडला.

सप्टेंबरातली ती वाट मी जन्मात विसरणार नाही. पाऊस नुकताच ओसरला होता. दिदिना गावावरून ओकांच्या दाट जंगलातून चढत चढत गेलो. झाडांच्या खोडांवर शेवाळ्याची दुलई, पायांखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. दुपारी एकाएकी जंगल संपले आणि समोर गवताचा समुद्र उघडला. हे आली बुग्याल. डोंगराच्या माथ्यावरील कुरणाला इकडे बुग्याल म्हणतात. मैलच्या मैल एक झाड नाही, झुडूप नाही. गवत मात्र गुडघाभर नव्हे तर गालिच्यासारखे आखूड, आणि सप्टेंबरमुळे टोकाशी पिवळे पडू लागलेले. दुसऱ्या दिवशी बेदनी बुग्याल लागले. तेथे एक लहानसे कुंड आहे. सकाळी वारा नसताना त्यात त्रिशूळ आणि नंदाघुंटी उतरलेली दिसतात. आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी परावर्तनाचे नियम सांगावयास सुरुवात केली, तेव्हा ग्रंथपालांनी त्यांना वाचनालयाच्या सवयीने ओठांवर बोट ठेवून गप्प केले.

पुढचा टप्पा पातर नचौणी. कनौजचा राजा जसधवल आपल्या गरोदर राणीला आणि नाचणाऱ्या बायकांना घेऊन नंदादेवीच्या यात्रेला आला, देवीच्या पवित्र वाटेवर त्याने नाचगाणे मांडले, देवी कोपली आणि नाचणाऱ्यांचे दगड झाले, ती ही जागा. राजा तरीही पुढे गेला; तेव्हा रूपकुंडापाशी देवीने लोखंडासारख्या गारांचा वर्षाव करून सगळा लवाजमा गारद केला, असे गढवालातील लोकगीतांत सांगितले आहे. पातर नचौणीनंतर खडा चढ लागतो आणि तो जेथे संपतो तेथे काळ्या पाषाणाचा गणपती बसला आहे. नाव कालू विनायक. काही दिवसांपूर्वीच मुठेत गणपती पोहोचवून आलेल्या आम्हां तिघांना साडेचौदा हजार फुटांवर गणपती पुन्हा भेटला, आणि त्याच्यापुढे लोकांनी ब्रह्मकमळे वाहिली होती. आपल्याकडे गच्चीतल्या कुंडीत रात्री फुलते ते ब्रह्मकमळ नव्हे बरे. ते निवडुंगाच्या जातीचे. खरे ब्रह्मकमळ दगडांच्या आडोशाला उगवते, फिकट पिवळसर पातळ कागदात गुंडाळल्यासारखे दिसते, आणि श्रावण-भाद्रपदातच भेटते.

भगुवाबासाच्या दगडधोंड्यांत रात्र काढून पहाटे चारला निघालो. हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने निम्म्याहून थोडाच अधिक. दहा पावले टाकावीत, थांबावे, आणि आपण हे का करीत आहोत असे स्वतःला विचारावे, असा क्रम. उजाडल्यावर शेवटची धार चढलो आणि खाली कढईच्या तळाशी उरलेल्या पाण्यासारखे रूपकुंड दिसले. गढूळ, हिरवट, काठावर बर्फाचे दोनचार मळके तुकडे. आणि हाडे. दगडांच्या एका ढिगावर कोणीतरी कवट्या रचून ठेवल्या होत्या. आसपास मांडीची हाडे, बरगड्या, चामड्याच्या पादत्राणाचा एक तुकडा. प्रथम अंगावर काटा आला. पाच मिनिटांनी मात्र सवय झाली, आणि ही सवय होणे हीच सगळ्यांत वाईट गोष्ट होती, असे आता वाटते. लोक कवट्या हातांत धरून छायाचित्रे काढीत होते. आम्हीही काढली. भैजी खाली तळ्याकडे पाठ करून विडी ओढीत बसला होता.

आता कबुली. निघताना मी बोटाच्या पेराएवढे एक हाड उचलले आणि कोटाच्या खिशात टाकले. का टाकले, याचे उत्तर मला आजही नीटसे देता येत नाही. वर्गात दाखवावयाचे, घरी दाखवावयाचे, ‘मी तेथे होतो’ याचा पुरावा म्हणून ठेवावयाचे. शेकडो हाडांतले एक गेले तर कोणाला कळणार? शेकडो प्रवासी नेमका हाच विचार करून खिसे भरीत आले आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असेही नाही.

घरी आलो तो सर्वपित्री अमावास्येचा आदला दिवस. मी मोठ्या ऐटीत पुडी सोडून हाड टेबलावर ठेवले. सौ. दोन पावले मागे सरली. धाकटीने ‘हे कुणाचं?’ म्हणून विचारले आणि मी व्याख्यान सुरू केले. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिने माझे पाच मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, गोष्ट पुरे. ती विचारत्येय, हे कुणाचं? कुणाचं तरी माणूसच ना ते?”

त्यावर मला बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी आईने पितरांच्या पानांबरोबर आणखी एक पान वाढले. कोणासाठी, ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. हाड एका स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधून तिने देवघराच्या नव्हे, पण त्याच्या शेजारच्या फडताळात ठेवले. “होईल तेव्हा नेऊन ठेव जिथलं तिथं,” एवढेच म्हणाली.

‘होईल तेव्हा’ म्हणजे २०११ची मे महिन्याची सुट्टी. या वेळी मी एकटाच गेलो. मला वाटत होते, वाट ओळखीची, वाटाड्या ओळखीचा. जाऊ, ठेवू, येऊ. परंतु तीच वाट उन्हाळ्यात निराळीच असते, हे मला तिथे गेल्यावर कळले. खाली जंगलात बुरांसाचा, म्हणजे त्या भागातील लाल गुलाबी फुलांच्या मोठ्या वृक्षाचा, बहर सरत आला होता; वरच्या अंगाला त्याचीच बुटकी भावंडे फिकट जांभळी फुलली होती. वाण गावी लाटू देवाचे देऊळ आहे. लाटू हा नंदादेवीचा भाऊ. त्याचे दार वर्षातून एकदा, वैशाखी पौर्णिमेला उघडते, आणि पुजारीदेखील डोळ्यांना व तोंडाला पट्टी बांधून आत जातो. देव पाहावयाचा नसतो. मी बाहेरूनच नमस्कार केला. सगळेच पाहिले पाहिजे आणि पाहिलेले जवळ बाळगले पाहिजे, असा ज्याचा स्वभाव, त्याने त्या बंद दारापुढे थोडा वेळ उभे राहावे.

बेदनीवर सप्टेंबरातला पिवळा गालिचा नव्हता. नुकत्याच निघून गेलेल्या बर्फाखालचे तपकिरी, दडपलेले गवत होते आणि त्यात गावची माणसे, बायकामुलेसुद्धा, ओणवी होऊन, काही तर पालथी पडून, जमिनीशी डोळे नेऊन काही शोधीत होती. भैजीने सांगितले, कीडाजडी. एका अळीच्या अंगात बुरशी शिरते, अळी मरते, आणि वसंतात तिच्या डोक्यातून काडीसारखा कोंब जमिनीबाहेर येतो. औषधी म्हणून तिला सोन्यासारखा भाव येतो. या काही आठवड्यांच्या कमाईवर कित्येक घरे वर्ष काढतात. ज्या कुरणाला मी निसर्गशोभा म्हणत होतो, ते कोणाचे तरी शेत होते.

कालू विनायकाच्या पुढे सारे पांढरे. देव बर्फात बुडालेले, वरची घंटा तेवढी दिसत होती. भगुवाबासाहून रात्री दोनलाच निघालो. बर्फ रात्री घट्ट असतो, उन्हे चढली की भुसभुशीत होतो, म्हणून. भैजी पुढे कुऱ्हाडीने पायऱ्या खोदी आणि मी त्यांत पाय ठेवी. परंतु माझी चाल मंद. शेवटच्या उताराशी आलो तेव्हा सूर्य चांगला वर आला होता आणि मांडीपर्यंत पाय रुतू लागले. तळे वर, अर्ध्या तासाच्या अंतरावर. भैजी थांबला, उताराकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मास्टरजी, आज एवढंच.”

मी हट्ट धरला. मग नाइलाजाने खिशातली पुरचुंडी काढून त्याला सर्व सांगितले. वाटले होते, हा रागावेल. तो रागावला नाही. म्हणाला, “मी पाहिलं होतं त्या वेळी. पुष्कळांना पाहतो.” मग मी विचारले, वर जाता येत नसेल तर येथेच बर्फावर ठेवून देऊ का? तो म्हणाला, “इथे ठेवलंत तर महिन्याभरात बर्फाबरोबर खाली नाल्यात जाईल. मग ते घरीही नाही आणि ठिकाणीही नाही. परत न्या. माताजींकडे बरं आहे.”

आणि मग आम्ही उतरलो. मोठमोठ्या शिखरांच्या अंगणात उभा राहून मी बेचाळीस तासांच्या आगगाडीचा हिशेब करीत होतो, हे कबूल केले पाहिजे. पण तासाभरात मागच्या उतारावरून बर्फाचा एक लोट घसरत आल्याचा आवाज झाला, आणि मी हिशेब सोडून दिला.

तिसरा योग आला तो २०१४ साली. त्या वर्षी नंदादेवीची राजजात होती. दर बारा वर्षांनी निघण्याची रीत असलेली ही यात्रा याआधी २००० साली झाली होती आणि काही ना काही कारणाने लांबत १८ ऑगस्ट २०१४ रोजी निघाली. कर्णप्रयागाजवळच्या नौटी गावापासून सुमारे २८० किलोमीटरची वाट, जवळजवळ वीस दिवस पायी. कांसुवा गावच्या कुंवर घराण्याकडे तिचा मान. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा. त्याच्या पाठीवर देवीच्या आहेराची पिशवी. मागून रिंगाळ नावाच्या बारीक बांबूच्या छत्र्या आणि देवीच्या डोल्या. रूपकुंडावरून, त्यापुढची ज्यूंरागलीची भयंकर खिंड ओलांडून यात्रा होमकुंडाला पोहोचते. तेथे मेंढ्याला मोकळे सोडतात. तो एकटा कैलासाच्या दिशेने जातो, असे मानतात.

ही सारी धामधूम कशासाठी? नंदा ही गढवालची लेक. शंकराला दिलेली. माहेरपण संपले की तिला सासरी पोहोचवावयाचे, त्याची ही यात्रा. मी हे आईला सांगितले तेव्हा ती चटकन म्हणाली, “म्हणजे आपली गौरच की!” खरोखरच, नंदाष्टमी भाद्रपद शुद्ध अष्टमीला, आणि आपल्या ज्येष्ठागौरीही याच दिवसांच्या आगेमागे येतात. दोन हजार किलोमीटरांच्या अंतरावर त्याच आठवड्यात दोन मुलखांतल्या बायका एका माहेरवाशिणीची पाठवणी करीत असतात. आईने माझ्या पिशवीत हाडाच्या पुरचुंडीशेजारी एक खण, मूठभर तांदूळ आणि नारळ बांधून दिला. “मुलगी सासरी चालली आहे. ओटी भरल्याशिवाय कशी जाईल?”

त्या वर्षी घरी गणपती बसले तेव्हा मी वाटेत होतो. पाऊस लागला होता. वर्षाऋतूतली ही वाट म्हणजे चिखल, जळवा, धुके, आणि धुक्यात एकाएकी फुललेली रंगीबेरंगी रानफुले. त्रिशूळ एकदाही दिसला नाही. परंतु वाण गावी जे दिसले ते शिखरांहून मोठे होते. वाण हे शेवटचे गाव. त्याच्यापुढे वस्ती नाही. डोली गावातून निघाली तेव्हा म्हाताऱ्या बायका घराबाहेर येऊन रडत होत्या. डोळ्यांना पदर लावून रडण्याची रीत म्हणून नव्हे, ओक्साबोक्शी. सासरी गेलेल्या मुलीला गढवालीत ‘ध्याणी’ म्हणतात. त्या बायकांतल्या प्रत्येकीची एक तरी ध्याणी दूर कोठेतरी होती, आणि त्या स्वतःही कोणाच्या तरी ध्याणी होत्या. मी भीतभीत खणनारळ पुढे केला. भैजीच्या बायकोने तो पाहिला, हे काय म्हणून विचारले. मी मोडक्यातोडक्या हिंदीत ओटीचा अर्थ सांगितला. तिने काही न बोलता माझ्या हातून तो घेतला, डोळ्यांना लावला आणि डोलीपाशी नेऊन दिला.

रूपकुंडाला त्या दिवशी हजारो माणसे होती. धुक्यात तळे अर्धेमुर्धेच दिसत होते. पाच वर्षांपूर्वी जेथून उचलले होते ती नेमकी जागा काही सापडेना. दगड घसरले होते. कवट्यांचा ढीगही लहान झाला होता. शेवटी भैजीने काठाशी एका मोठ्या दगडाखालची फट दाखविली. मी फडके सोडले. आईने सांगितल्याप्रमाणे चार तीळ आणि ओंजळभर पाणी घातले, आणि हाड आत ठेवले. भैजीने वर एक ब्रह्मकमळ ठेवले. एवढेच. मागून लोक ढकलीत होते. आम्हांला तेथे दोन मिनिटेही उभे राहता आले नाही. परत फिरलो तेव्हा छातीवरचे काही उतरले, वगैरे लिहावेसे वाटते. खरे सांगावयाचे तर मला फक्त थंडी वाजत होती. हलके वाटले ते घरी आल्यावर, ते फडताळ रिकामे पाहून.

माझ्या दृष्टीने गोष्ट येथे संपली होती. पण २०१९च्या ऑगस्टात वर्तमानपत्रांत रूपकुंडाचे नाव पुन्हा झळकले. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानववंशशास्त्रज्ञांचा या हाडांशी जुना संबंध. २००४च्या सुमारास तेथील डॉ. सुभाष वाळिंबे यांनी कवट्यांवरच्या खोल, गोलाकार खोका तपासल्या होत्या, आणि वरून पडलेल्या मोठ्या गारांचे ते घाव असावेत, असे मत पुढे आले होते. लोकगीतांतल्या लोखंडी गारा एकदम खऱ्या वाटू लागल्या होत्या. आता, डेक्कन कॉलेजातील संशोधकही ज्यांत होते अशा देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी ३८ व्यक्तींच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासले, आणि कोडे सुटण्याऐवजी दुप्पट झाले. त्यांपैकी २३ माणसे भारतीय उपखंडातली. ती इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान, आणि तीही सगळी एकाच वेळी नव्हे, मरण पावलेली. एक जण आग्नेय आशियातला. आणि उरलेली १४? ती पूर्व भूमध्यसमुद्राकाठची, आजच्या ग्रीस आणि क्रीट बेटातील लोकांशी जवळीक असलेली; आणि तिचा काळ इ. स. १८००च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे पेशवाईची अखेर चालू असताना, ग्रीसकडची काही स्त्रीपुरुष मंडळी सोळा हजार फुटांवरच्या या डबक्यापाशी मरून पडली होती! ती कशाला आली, कोणत्या वाटेने आली, याची कोठे नोंद नाही. तपासलेल्यांत कोणी कोणाचे जवळचे नातेवाईक नव्हते. साथीच्या रोगाची खूणही सापडली नाही.

मी बातमी आईला वाचून दाखविली. पाच वर्षे आमच्या फडताळात कोण राहून गेले? जसधवलाच्या काळचा एखादा यात्रेकरू, की क्रीट बेटावरची एखादी बाई? सर्वपित्रीला कोणाचे पान वाढले जात होते? मी हसत हसत म्हटले, “आई, तुझा पाहुणा ख्रिस्ती असला तर?” आई शेंगा सोलीत होती. म्हणाली, “असेना. त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघितलीच असेल की.” आणि पुढची शेंग उचलली.

चौथ्या खेपेची हकीकत थोडक्यात सांगतो. २०१८च्या ऑगस्टात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास बंदी केली, एका वेळी २०० पेक्षा अधिक माणसांना मज्जाव केला आणि वरची पक्की बांधकामे काढून टाकावयास सांगितली. रूपकुंडाला वरच्या कुरणांत राहिल्यावाचून जाता येत नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांची ती वाट मिटली. तेव्हा २०२३च्या जानेवारीत मी मुलीला घेऊन लोहाजंगला गेलो, तो समोरच्या डोंगरावरील ब्रह्मतालाकडे जावयास. वाटाड्या म्हणून आला भैजीचा मुलगा. ओकांचे तेच जंगल, पण फांदीफांदीवर बर्फ. पावलांच्या करकरीखेरीज आवाज नाही. जंगलातला बेकलताल गोठून चुलीवरच्या पांढऱ्या सायीसारखा झालेला. दुसऱ्या दिवशी धारेवर पोहोचलो आणि पलीकडे, दरीच्या वर, ती सगळी वाट एकदम दिसली: आली, बेदनी, त्यावरचा कालू विनायकाचा खांदा, आणि मागे त्रिशूळ. सगळे एकाच पांढऱ्या रंगाचे. एकही तंबू नाही, माणूस नाही, धूर नाही. “बाबा, तळं कुठंय?” मुलीने विचारले. मी बोटाने खांद्यामागची जागा दाखविली. दिसत काहीच नव्हते.

परतताना वाणला भैजीच्या घरी चुलीशी बसलो. त्याचे केस पांढरे झाले आहेत. बंदीचा विषय काढला तेव्हा तो बराच वेळ निखारे सारखे करीत राहिला. खेचरवाल्यांची, ओझेवाल्यांची, चहाच्या टपरीवाल्यांची कमाई गेली. कित्येक पोरे देहरादूनकडे गेली. “वाईट झालं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण मास्टरजी, आता उन्हाळ्यात आम्ही वर जातो तेव्हा तंबूंच्या जागी गवत आलेलं दिसतं. तेही खरं आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे मान्य करावयास मला वर्गातल्या चर्चेत बराच वेळ लागतो, त्याने ते चुलीपाशी दोन वाक्यांत उरकले. त्याच्या बायकोने जेवावयास मंडव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी आणि भरपूर तूप वाढले, आणि निघताना मुलीच्या हातात अक्रोडांची एक पुरचुंडी ठेवली. “दादीसाठी,” ती म्हणाली. “त्यांचा खण मी अजून विसरले नाही.”

गाडीत बसल्यावर मुलीने मुठीतून एक पांढरा गारगोटीचा खडा काढून मला दाखविला. ब्रह्मतालाच्या धारेवर सापडलेला. फारच सुंदर होता. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. घरातली गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक आहे; “हे कुणाचं?” असे पहिल्यांदा विचारणारी तीच. तिने चालकाला दोन मिनिटे थांबावयास सांगितले, खाली उतरली, रस्त्याच्या वरच्या अंगाला चढून खडा एका झाडाच्या बुंध्याशी ठेवला, आणि हात झटकीत परत आली.

अक्रोड मात्र आम्ही आणले. दिलेली वस्तू आणावयास हरकत नाही.